रक्त दिसण्याआधी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडबाहेर पडलं, की समोरच्या भिंतीवर एक जाहिरात हमखास दिसते. पिवळ्या रंगावर ठसठशीत लाल अक्षरं: मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज. खाली मोबाइल नंबर, आणि कुठल्या वारी कुठल्या लॉजवर वैद्यबुवा भेटतील ते. पोटाच्या खालच्या भागाविषयी आपल्या समाजाचं जे काही शिक्षण झालंय, ते बरंचसं या भिंतीने केलंय. शौचातून रक्त गेलं की ते मूळव्याधीचंच, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. सगळी पंचाईत त्या 'बहुतेक वेळा'तच आहे.

रक्त दिसल्यावर घरोघरी जे घडतं ते ठरलेलं आहे. तिखट बंद होतं, ताक सुरू होतं, सुरणाची भाजी होते, रात्री इसबगोल. आठ-दहा दिवसांत रक्त थांबतं, कारण आतड्यातली गाठसुद्धा रोज रक्त गाळत नाही, अधूनमधून गाळते. थांबलं म्हणजे गुण आला. पुढच्या वेळी मेडिकलमधून मलम, त्यापुढच्या वेळी भिंतीवरचा नंबर. दरम्यान माणूस उतरलेला दिसायला लागतो, हिमोग्लोबिन नऊवर येतं, कुणीतरी लोहाच्या गोळ्या लिहून देतं, घरात बीट आणि खजूर येतो. पन्नाशीच्या पुरुषाच्या अंगातलं रक्त जातंय कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. गुदद्वारातून बोट घालून करायच्या तपासणीला एक हातमोजा, थोडी जेली आणि मिनिटभराचा वेळ लागतो. पेशंट लाजतो आणि डॉक्टरांपुढे रांग असते, म्हणून ती राहून जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या आठशे रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ४२ टक्के गाठी गुदाशयातल्या, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यातल्या होत्या. त्यांतल्या खालच्या अंगाच्या गाठी बोटाला लागतात. रुग्णांचं सरासरी वय होतं सत्तेचाळीसच्या आसपास.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर सामान्य वाचकासाठी मराठीत पुस्तक हवं, असं मला वाटत आलं ते या रुग्णांमुळे. या पुस्तकाच्या लेखिका पोटविकारतज्ज्ञ आहेत आणि रोज दुर्बीण हातात धरतात. त्यांनी पहिल्याच प्रकरणात वाचकांचे दोन गट पाडलेत, ते मला फार आवडलं. ज्याला रक्त दिसलंय, ज्याची शौचाची सवय दोन-तीन महिन्यांत बदललीय, ज्याचं वजन किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना घटलंय, तो एक. त्याला हवंय ते निदान. त्याने या प्रस्तावनेत वेळ न घालवता सरळ डॉक्टर गाठावा. दुसरा गट ज्यांना काहीही होत नाहीये त्यांचा. स्क्रीनिंग हा शब्द त्यांच्यासाठी आहे. धडधाकट माणसाची तपासणी कशाला करायची, कोणती करायची आणि कुणाची करायची, हे तीन प्रश्न जगभर गेली पन्नासेक वर्षं चघळले जाताहेत, आणि पुढचं सगळं पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आतड्याच्या अस्तरात आहे. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब. त्याचं आतलं अस्तर काही दिवसांत झडून नवं येतं. जन्मभर हे चालू असतं. एवढ्या नकला काढताना एखाद्या पेशीत चूक होणारच. तशा चुकीतून अस्तरावर छोटा उंचवटा येतो, तो पॉलिप. काही पॉलिप चपटे असतात, काहींना देठ असतो आणि ते पावसाळ्यात उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीसारखे दिसतात. बहुतेक पॉलिप जन्मभर निरुपद्रवी राहतात. मोजक्यांत चुकीवर चूक साठत जाते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बर्ट व्होगेलस्टीन आणि एरिक फियरन यांनी १९९० साली ही साखळी मांडली: आधी एपीसी नावाचं जनुक बिघडतं, मग केरॅस, पुढे पी-५३. प्रत्येक बिघाडाबरोबर पेशी थोडी अधिक बेलगाम होते. या प्रवासाला साधारण दहा वर्षं किंवा जास्तच लागतात. पुढे या चित्रात पुष्कळ फाटे फुटले, सगळ्या गाठी त्याच वाटेने जात नाहीत हेही कळलं, पण मूळ गोष्ट टिकली. इतकी सवड देणारे कर्करोग थोडेच आहेत. पॉलिप दिसला आणि काढला, तर कर्करोग लवकर सापडला असं म्हणायचीही गरज उरत नाही, कारण तो होतच नाही.

पण दीड मीटर अंधाऱ्या, वळणावळणाच्या नळीत पाहायचं कसं? या पुस्तकातलं दुर्बिणीच्या इतिहासाचं प्रकरण मी दोनदा वाचलं. त्यातला एक धागा थेट पंजाबात जातो. मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याकडे काम करत होते. केसाहून बारीक काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून, ते जुडगं वाकवलं तरी, चित्र पलीकडे पाठवता येतं, हे त्या दोघांनी १९५४ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे बेसिल हर्शोविट्झ तेव्हा मिशिगनमध्ये होते. त्यांनी ती कल्पना उचलली आणि १९५७ साली जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण तयार केली. पहिली चाचणी त्यांनी स्वतःच्या घशात नळी घालून घेतली. मोठं आतडं अजून लांबच होतं. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि जपानहून आलेले तरुण सर्जन हिरोमी शिन्या यांनी १९६९ साली दुर्बिणीतून एक तारेचा फास आत सोडला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला आणि विजेचा प्रवाह देऊन तो कापला. त्याआधी आत खोलवर असलेला पॉलिप काढायचा म्हणजे पोट उघडावं लागे. आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, त्यामुळे पेशंटला काही जाणवतही नाही.

हे पाहायला सुंदर आहे. पडद्यावर गुलाबी, ओलसर बोगदा, त्यात एका घडीमागून डोकावणारा बोराएवढा उंचवटा. फास येतो, सरकतो, आवळतो. क्षणभर पांढरट डाग, आणि पॉलिप सुटून बाजूला पडतो. देखणेपणामुळेच या तपासणीभोवती थोडं वलय आलंय. लेखिकेने ते खरवडून काढलंय, हे बरं केलं. दुर्बीण जेवढी चांगली तेवढंच महत्त्व आदल्या रात्रीच्या तयारीला. दोन लिटरच्या आसपास खारट-गोडसर द्रावण प्यायचं, आणि बाहेर पडणारं पाणी भांड्याचा तळ दिसेल इतकं स्वच्छ पिवळसर होईपर्यंत थांबायचं नाही. 'सकाळी थोडं कमीच प्यायलो' हे वाक्य ज्या पेशंटने मनात ठेवलं, त्याच्या आतड्याच्या उजव्या बाजूला काय आहे ते कुणालाच नीट दिसत नाही. दुसरा भाग डॉक्टरचा. अमेरिकेत १३६ डॉक्टरांनी केलेल्या तीन लाखांहून अधिक कोलोनोस्कोपींचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अशा दुर्बीण-तपासण्यांचा, हिशेब २०१४ साली मांडला गेला. ज्या डॉक्टरला शंभरातल्या जास्त माणसांत ॲडेनोमा, म्हणजे पुढे बिघडू शकणारे पॉलिप सापडतात, त्याच्या पेशंटना पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण कमी. सापडण्याच्या दरात एका टक्क्याची वाढ म्हणजे धोक्यात सुमारे तीन टक्क्यांची घट. दुर्बीण आत नेण्यापेक्षा बाहेर काढताना सावकाश पाहणं महत्त्वाचं. त्याला किमान सहा मिनिटं द्यावीत असा दंडक रूढ झालाय. आपल्याकडे किती पेशंट डॉक्टरांना विचारतात, 'साहेब, बाहेर काढायला किती वेळ घेता?' विचारायला हरकत नाही. आतड्याला भोक पडण्याचा धोका तपासणीपुरत्या कोलोनोस्कोपीत हजारात एकाहूनही कमी, पण शून्य नाही; तोही विचारावा.

आता त्या दुसऱ्या, कमी देखण्या तपासणीकडे येऊ. माझा जीव तिच्यावर अधिक आहे.

ग्वायकम नावाच्या अमेरिका खंडातल्या झाडाचा डिंक रक्त लागलं आणि पेरॉक्साइड टाकलं की निळा होतो, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. अमेरिकेतल्या ओहायोमधले डॉ. डेव्हिड ग्रीगर यांनी १९६७ साली त्यातून एक साधी युक्ती काढली. पेशंटने घरी तीन दिवस शौचाचा नमुना त्या डिंकाच्या कागदावर लावायचा आणि कागद दवाखान्यात आणून द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त कागद दाखवणार. अडचण अशी, की निळा रंग रक्तानेच येतो असं नाही. मटण खाल्लं, मुळा खाल्ला, फ्लॉवर खाल्ला, तरी कागद फसू शकतो, म्हणून आधी पथ्य पाळावं लागे. तरीही याच ओबडधोबड कागदावर मिनेसोटात ४६,५५१ लोकांचा प्रयोग उभा राहिला. दरवर्षी तपासणी झालेल्यांत या कर्करोगाने मरणाऱ्यांचं प्रमाण १३ वर्षांनी ३३ टक्क्यांनी कमी भरलं. हे १९९३ साली छापून आलं. तीस वर्षांनी पुन्हा मोजलं, तेव्हाही घट ३२ टक्के होती. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो उत्साही मंडळी सांगत नाहीत: तीस वर्षांत सगळ्या कारणांनी मिळून तपासलेले आणि न तपासलेले सारखेच, सुमारे ७१ टक्के, वारले होते. प्रयोगात आलेली माणसं पन्नास ते ऐंशी वयाची होती, तेव्हा यात आश्चर्य नाही. तपासणी एका विशिष्ट मरणापासून वाचवते, आणि ते मरण फार कष्टाचं असतं. याहून मोठं आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्याकडे जरा संशयाने पाहावं.

आज डिंकाची जागा फिट या तपासणीने घेतलीय. ती माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखते. त्यामुळे मटण-मुळ्याचं पथ्य नाही. जठरात झालेल्या रक्तस्रावातलं ग्लोबिन खाली येईपर्यंत पचून जातं, त्यामुळे ती मुख्यतः मोठ्या आतड्याचंच बोलते. पेनच्या टोपणाएवढी प्लास्टिकची नळी असते. झाकण फिरवलं की त्याला जोडलेली काडी बाहेर येते, टोकाला बारीक खाचा. शौचाला बसण्याआधी भांड्यात कागद अंथरायचा, काडी चार-पाच ठिकाणी टोचायची, खाचांत लागेल तेवढंच घ्यायचं, परत नळीत घालून झाकण घट्ट लावायचं. जास्त खरवडून भरायचं नाही. नळीतल्या द्रवाचं माप ठरलेलं असतं. हे वर्णन पुस्तकात चित्रांसह आहे. माझी एक भर: नळी उन्हात ठेवू नका. इटलीत असं आढळलं, की उन्हाळ्यात फिट पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण घटतं, कारण उष्णतेने नमुन्यातलं हिमोग्लोबिन मोडतं. इटलीचा उन्हाळा तो केवढा! चंद्रपुरात मे महिन्यात ही नळी मोटारसायकलच्या डिकीतून लॅबला पोहोचवली, तर निगेटिव्ह रिपोर्टावर मी तरी विसंबणार नाही.

फिट आणि कोलोनोस्कोपी यांपैकी सरस कोणती, यावर डॉक्टरांत हिरिरीने वाद होतात. २०२२ साली पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ८४,५८५ लोकांवरचा नॉर्डिक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि कोलोनोस्कोपीचं पितळ उघडं पडलं, असे मथळे झळकले. दहा वर्षांत निमंत्रितांमध्ये कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी झालं, मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. पण निमंत्रण मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष तपासणीला आले ते ४२ टक्के. जे घरीच बसले तेही हिशेबात धरले आहेत, आणि प्रयोगाच्या पद्धतीप्रमाणे ते धरायलाच हवेत. स्पेनमधल्या कोलोनप्रेव्ह या अभ्यासाने ५७ हजारांहून अधिक लोकांत दोन गटांची तुलना केली: एकदाच कोलोनोस्कोपी, किंवा दर दोन वर्षांनी फिट. २०२५ साली दहा वर्षांचा निकाल आला. मृत्यूंच्या बाबतीत फिट कोलोनोस्कोपीपेक्षा कमी पडली नाही, आणि फिटला अधिक लोक तयार झाले. घरच्या संडासात, दार लावून, कुणाला न सांगता होणारी तपासणी माणसं करतात. रजा काढून, पोट धुऊन, दवाखान्यात उघडं पडून करायची तपासणी टाळतात. यात न समजण्यासारखं काय आहे?

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने हे ओळखून फिटची पाकिटं सरळ सभासदांच्या घरी टपालाने धाडायला सुरुवात केली. तपासणी वेळेवर झालेल्यांचं प्रमाण २००० साली ३९ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०१५ पर्यंत ८३ टक्क्यांजवळ गेलं. त्याच काळात या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्याहून खाली आले. बे एरियातल्या मराठी घरांच्या टपालपेटीतही ही पाकिटं पडतात. अमेरिकेत आता ४५व्या वर्षापासून तपासणी सुरू करा म्हणतात, कारण तिथे पन्नाशीच्या आतले रुग्ण वाढताहेत. इंग्लंडमध्येही नळी घरी येते. पण तिथले दक्षिण आशियाई लोक ती परत पाठवण्यात मागे आहेत, असं पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. समुद्र ओलांडला तरी भिडस्तपणा सामानातून गेलेला असतो.

आणि आपल्याकडे? इथे लेखिकेचं आणि माझं जमत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असं त्यांनी सुचवलंय. पुण्या-मुंबईतल्या विमाधारकाला हा सल्ला परवडेल. राज्यासाठी धोरण म्हणून मला तो पटत नाही. भारतात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण झाल्याचा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. आकडा मोठा वाटतो, पण लोकसंख्येच्या मानाने, वयाचा हिशेब धरून, तो लाखामागे पाचच्या आसपास पडतो. डेन्मार्क-नॉर्वेत तोच तिशीच्या कितीतरी पुढे आहे. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो, त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा वाटा मोठा आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ सालची, देशातली पहिली. पण खेड्यांत काय चाललंय हे कळायला १९८७ साल उजाडावं लागलं. तेव्हा बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. दवाखान्यात येणाऱ्यांची वाट न पाहता माणसं गावोगाव फिरून विचारपूस करत, संशयित रुग्णांना तपासणीला आणत. त्या नोंदींत मोठ्या आतड्याचा कर्करोग अगदी तुरळक आढळला.

त्याच परिसराने जगाला स्क्रीनिंगचा एक धडा दिलाय. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी १,३१,७४६ स्त्रियांवर प्रयोग झाला. एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी केलेल्या गावांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ साली प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या धोरणांत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. खेड्यातल्या बाया तपासणीला येत नाहीत, हे नेहमीचं रडगाणं त्या गावांनी खोटं पाडलं. नीट समजावून सांगितलं, तपासणी गावाजवळ नेली आणि दोष निघालेल्या बाईवर पुढचे उपचार केले, तर येतात. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फिट पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे, नाहीतर नळीचे पैसे गटारात. आज कितीशा जिल्हा रुग्णालयांत नियमित कोलोनोस्कोपी होते? सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी आहे. मोठं आतडं नाही. आजच्या घडीला हे मला योग्य वाटतं. आधी रक्त पडणाऱ्या प्रत्येकाची बोटाने तपासणी आणि गरज वाटल्यास दुर्बीण, मग घरात हा आजार झालेल्यांची तपासणी, आणि त्यानंतर, प्रमाण जास्त असलेल्या शहरांत, फिटचा प्रयोग. या क्रमात मी घाई करणार नाही. लेखिका म्हणतील, तोवर किती जण जातील? तो प्रश्नही रास्त आहे.

शहरांतल्या 'फुल बॉडी चेकअप'बद्दल मात्र आमचं एकमत आहे. त्या पॅकेजात सीईए नावाची रक्ततपासणी असते आणि खाली 'कॅन्सर मार्कर' असं छापलेलं असतं. निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला ती उपयोगी आहे. धडधाकट माणसात कर्करोग शोधायला नाही. सिगरेट ओढणाऱ्याची ती उगीच वाढलेली दिसते आणि गाठ लहान असेल तर बहुधा नॉर्मल येते. दोन्ही बाजूंनी फसगत.

आहाराच्या प्रकरणात वाचक सर्वांत आधी उडी मारेल, हे लेखिकेला ठाऊक आहे. म्हणून त्यांनी ते शेवटाकडे ठेवलंय. युगांडात सर्जन म्हणून काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी १९७१ साली मांडलं, की आफ्रिकेतल्या खेड्यांत हा कर्करोग जवळजवळ दिसत नाही, कारण तिथल्या जेवणात चोथा भरपूर आणि त्यामुळे शौचाला भरभरून, लवकर होतं. कल्पना इतकी सोपी की तिचा जगभर बोलबाला झाला. पुढचे पुरावे मात्र उलटसुलट आले. युरोपातल्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या एपिक पाहणीने २००३ साली चोथ्याच्या बाजूने कौल दिला. पण अमेरिकेत पॉलिप काढलेल्यांना चार वर्षं चोथ्याचा आहार देऊनही नवे पॉलिप कमी झाले नाहीत, असा निकाल २००० साली आला होता. बार्शीकडे मालदांडी ज्वारीची भाकरी खातात आणि तिथे हा आजार कमी, यावरून भाकरीला औषध ठरवायचा मोह मलाही होतो. पण त्या भागातली माणसं उन्हातान्हात राबतात, सडपातळ असतात, मांसाहार बेताचा. कशाचं श्रेय कशाला द्यायचं? भाकरी खावी, ती चांगलीच आहे. दारू, तंबाखू, वाढता घेर आणि बैठं काम यांच्याविषयीचा पुरावा अधिक पक्का आहे. लियाँच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं: रोज ५० ग्रॅममागे धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. सॉसेज, सलामी त्यात येतातच, आणि खारवून, धुरावून केलेला गोव्याचा चोरीसही. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का. धोका तंबाखूएवढा मोठा, असा त्याचा अर्थ नाही. सणासुदीच्या चोरीस-पावाने कुणाचं काही बिघडत नाही.

आतड्यातल्या जिवाणूंचं संशोधन सध्या जोरात आहे. ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात आणि ते पेशीच्या डीएनएवर ओळखू येईल अशी खूण ठेवतं. अकरा देशांतल्या ९८१ गाठींचा अभ्यास २०२५ साली आला. चाळिशीच्या आतल्या रुग्णांत ही खूण सत्तरीपुढच्यांच्या मानाने तिपटीहून अधिक वेळा आढळली. तरुणांत हा आजार का वाढतोय, त्याच्या उत्तराचा हा एक तुकडा असू शकेल. त्यावरून बाजारात दह्याच्या डब्या आणि प्रोबायोटिकच्या गोळ्या खपवल्या जातील, नव्हे, खपताहेतच; त्यांचा या पुराव्याशी अजून काही संबंध नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटलं ते घराण्यांविषयीचं प्रकरण. मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये १८९५ साली आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्याकडची शिवणकाम करणारी बाई उदास दिसली. मी तरुणपणीच कर्करोगाने जाणार, आमच्या घरात सगळे असेच जातात, असं तिने सांगितलं. वॉर्थिननी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्या नातेवाइकांची साखळी जुळवत ते बसले आणि १९१३ साली ती 'जी कुटुंब' या नावाने प्रसिद्ध केली. तोवर ती बाई म्हणाली होती तशीच गेली होती. पुढे हेन्री लिंच यांनी १९६०च्या दशकात हा धागा पुन्हा उचलला, आणि १९९०च्या दशकात त्यामागची, डीएनएची दुरुस्ती करणारी बिघडलेली जनुकं सापडली. आज त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा घरातल्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीतच सुरू होते आणि एक-दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा होते. त्यांनी दोन वर्षं ॲस्पिरिन घेतल्याने पुढे कर्करोग कमी झाले, हेही ब्रिटनमधल्या जॉन बर्न यांच्या प्रयोगाने दाखवलंय. लिंच नसलं, पण आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असला, तरी तपासणी चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा सुरू करायची असते.

पुस्तकाच्या शेवटी वंशवृक्षासाठी एक कोरं पान ठेवलंय. ते भरायला घरातली सर्वांत वयस्कर आत्या किंवा मावशी गाठावी लागेल. 'पोटाच्या दुखण्याने गेले' एवढंच उत्तर आधी येईल. मग तेव्हा वय काय होतं, आणि ऑपरेशन कुठे झालं, हे विचारायचं. बायकांच्या बाबतीत पिशवीचा कर्करोग होता का, तेही. लिंचच्या घराण्यांत तो सोबत येतो. परळला टाटात नेलं होतं, असं कळलं, तर ट्रंकेत किंवा कपाटावर जुनी फाइल असण्याची बरीच शक्यता असते. त्यातल्या एक्स-रेच्या फिल्म्स राहू द्या, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तेवढा शोधा आणि झेरॉक्स काढून आपल्या डॉक्टरांना दाखवा.